पहिलटकरणीसाठी बाळंतपणाची वाट: पहिल्या कळेपासून पहिल्या रात्रीपर्यंत

पहाटे अडीचला पोटात पहिली कळ आली आणि मी लगेच दिवा लावला. नवऱ्याला हलवून उठवलं, फोनवर कळांच्या वेळा टिपायला घेतल्या, बॅग दाराशी आणून ठेवली. मुलगी झाली ती त्यानंतर एकतीस तासांनी. त्यातले पहिले सतरा-अठरा तास मी उगाच जागी होते, आणि खऱ्या जोमदार कळा सुरू झाल्या तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. तसं मी महिनोन्‌महिने वाचलं होतं. श्वास कसा घ्यायचा, बॅगेत काय भरायचं, सगळं पाठ होतं. पण पहिल्या खेपेला सुरुवातीचे तास झोपायचे असतात, हे कुणी ठसवून सांगितलं नव्हतं. म्हणून हा लेख मुख्यतः ताकदीच्या हिशेबाचा आहे. ती कुठे राखायची, कुठे लावायची आणि कुठे सगळं दुसऱ्यावर सोपवून डोळे मिटायचे.

तारखेच्या आधी

दिलेली तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे. नेमक्या त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाच. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ पर्यंत कधीही कळा आल्या तरी ते मुदतीतलंच बाळंतपण. नातेवाइकांना तारीख सांगूच नका, 'महिनाअखेरीस' म्हणा. नाहीतर तारीख उलटली की 'झालं का?' विचारणाऱ्या फोनांनीच जीव मेटाकुटीला येतो.

बॅगेचं फार कौतुक नको. कागदपत्रं, समोरून उघडणारे दोन-तीन गाऊन, मोठे पॅड, बाळाचे कपडे, लांब वायरीचा चार्जर आणि ओठांना लावायला काहीतरी, कारण तासन्‌तास तोंडाने श्वास घेऊन ओठ फुटतात. बाकी काही राहिलं तर कुणीतरी आणून देतंच.

त्यापेक्षा दवाखान्यात आधीच चार गोष्टी विचारून ठेवा. लेबर रूममध्ये माझ्यासोबत कोण थांबू शकतं? एपिड्यूरल, म्हणजे पाठीतून दिलं जाणारं कळा शमवायचं औषध, रात्री-अपरात्री, सुटीच्या दिवशीही मिळतं का? कळा चालू असताना चालता-फिरता, खाता-पिता येतं का? बाळ झाल्याबरोबर माझ्या छातीवर देतात का? उत्तर 'तेव्हाचं तेव्हा बघू' असं आलं, तर ते 'नाही' समजा आणि पुन्हा विचारा. कळांच्या मधोमध असले प्रश्न विचारण्याइतकी बुद्धी शाबूत राहत नाही.

योनिमार्गाच्या खालच्या कडेला ३५ व्या आठवड्याच्या आसपास तेलाने मालिश सुरू केलं, आठवड्यातून एक-दोनदाच का होईना, तर पहिलटकरणींना टाके लागण्याची शक्यता थोडी कमी होते. करायला विचित्र वाटतं, पण उपयोग आहे. दुसरी गोष्ट मात्र जास्त महत्त्वाची. 'शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं' हे साफ चुकीचं आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, पण बाळ शेवटपर्यंत हलायला हवं. नेहमीपेक्षा कमी हलतंय असं वाटलं की सकाळ व्हायची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

चाहूल आणि हुलकावण्या

पोट खाली उतरतं, श्वास मोकळा होतो, आणि त्याच्या बदल्यात दर तासाला लघवीला पळावं लागतं. अंगावरून चिकट, गुलाबीसर किंवा तपकिरी स्राव जातो. गर्भपिशवीच्या तोंडाशी महिनोन्‌महिने बसलेलं ते बूच असतं. ते निघालं म्हणजे तयारी चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. कळा त्याच दिवशी येतील किंवा आठवड्यानेही. पाळीसारखं भळाभळा रक्त जाणं मात्र वेगळं, त्यात थांबायचं नाही.

पोट अधूनमधून टणक होऊन सैल पडतं, त्या सरावाच्या कळा. ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. ओळखायची युक्ती सोपी. पाणी प्या, कूस बदला, थोडं चाला. विरल्या तर सराव होता. खरी कळ कुठलीही कूस जुमानत नाही. ती बहुधा कंबरेतून निघून पुढे येते आणि दर तासाला आधीपेक्षा लांब, जवळ आणि जोरकस होत जाते. मी दोनदा फसले. त्यात लाजण्यासारखं काही नाही, लेबर रूममधल्या सिस्टरना रोज अशा दहाजणी भेटतात.

पाणी गेलं तर

सिनेमात असतं तसा लोंढा प्रत्येकीला येत नाही. बऱ्याचजणींना नुसती ओल जाणवते आणि लघवी निसटली की काय असं वाटतं. पॅड लावा, अर्ध्या तासाने पाहा आणि तीन गोष्टी लक्षात ठेवा: किती वाजता गेलं, रंग कसा, वास कसा. पाणी स्वच्छ किंवा फिकट गुलाबी असेल, बाळ हलत असेल आणि कळा नसतील, तर धावपळ नको, पण दवाखान्यात लगेच कळवायचं. मुदत भरल्यानंतर कळांच्या आधीच पाणी गेलं, तरी निम्म्याहून जास्त जणींना चोवीस तासांत आपोआप कळा सुरू होतात. मात्र पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, म्हणजे बाळाने आतच शी केली असेल, किंवा घाण वास येत असेल, ताप असेल, ३७ आठवडे भरले नसतील, तर ताबडतोब निघायचं.

एक दुर्मीळ प्रसंग माहीत असावा म्हणून सांगते. पाण्याबरोबर नाळेचा वेढा बाहेर आलेला दिसला किंवा हाताला लागला, तर गुडघ्यांवर ओणवं होऊन छाती-डोकं खाली आणि कंबर वर ठेवायची, नाळेला हात लावायचा नाही आणि त्याच अवस्थेत रुग्णवाहिका बोलवायची. बाळाचं डोकं नाळेवर दाबू नये म्हणून ही धडपड.

लांबलचक पहिला अंक

आता मूळ मुद्दा. गर्भपिशवीचं तोंड हे नुसतं भोक नसतं. ती तीन-चार सेंटिमीटर लांबीची जाड नळी असते, आणि गरोदरपणात ती मागच्या बाजूला वळलेली, घट्ट मिटलेली असते. सुरुवातीच्या कळा तिला मऊ करतात, पुढे आणतात, आखूड करत करत कागदासारखी पातळ करतात. पहिलटकरणीत हे पातळ होणं बहुतेक आधी घडतं आणि उघडणं मागाहून. दुसऱ्या खेपेला दोन्ही बरोबरच चालतं, म्हणून ते बाळंतपण झटपट उरकतं. म्हणजे 'दहा तास कळा सोसल्या आणि तोंड दोनच सेंटिमीटर उघडलंय' हे ऐकून रडायचं कारण नाही. काम झालेलं असतं, फक्त ते सेंटिमीटरमध्ये मोजलं जात नाही. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये ढसाढसा रडले नसते.

पूर्वी दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा दंडक होता. १९५० च्या दशकात अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ डॉ. फ्रीडमन यांनी काढलेल्या आलेखातून तो रुजला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात तो बाजूला ठेवला. त्यांच्या मते जोमदार टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरायचा. त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक वेळेची मर्यादा नाही, आणि पाचपासून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला साधारणपणे बारा तासांपर्यंत लागू शकतात.

मग या तासांत करायचं काय? रात्र असेल तर झोपा. झोप लागली नाही तरी दिवा मालवून कुशीवर पडून राहा आणि दोन कळांच्या मधे डुलकी काढा. नवऱ्यालाही झोपू द्या, त्याची पाळी पुढे आहे. दिवस असेल तर रोजची कामं हळूहळू करा. भूक असेपर्यंत हलकं खा, पुढे मळमळायला लागतं. दर दीड-दोन तासांनी लघवी करून या, भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याच्या वाटेत आडवं येतं. कोमट पाण्याचा शॉवर कंबरेवर घ्या. आणि फोन ठेवून द्या! प्रत्येक कळ टिपायची नसते. दोन तासांतून एकदा चार-पाच कळा मोजल्या की पुरे. मी एकशे बारा कळा टिपल्या होत्या, त्यांचा उपयोग कुणालाही झाला नाही.

निघायचं कधी? कळा पाच मिनिटांच्या अंतराने, प्रत्येक सुमारे मिनिटभराची, आणि हे तासभर टिकलं की. दवाखाना लांब असेल तर त्याआधी. मला स्वतःला यापेक्षा चांगली खूण सापडली ती बोलण्याची. कळ चालू असताना वाक्य पूर्ण करता येतंय, विनोदावर हसू येतंय, तर वेळ आहे. बोलणं तुटायला लागलं, भिंत धरावी लागली, की चला. या सगळ्या मोजमापाला न जुमानता लगेच निघायची कारणं वर आलीच आहेत. त्यांत आणखी भर घाला: कळ गेल्यावरही पोट दगडासारखं टणक राहून सतत दुखणं, प्रचंड डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे.

पहिल्या खेपेला तपासून घरी परत पाठवणं नेहमीचं आहे. मला पाठवलं तेव्हा तो अपमान वाटला. खरं तर घरच्या बिछान्यातले ते सहा तासच मला तारून गेले.

लेबर रूममध्ये

गेल्यावर रक्तदाब, नाडी, ताप, लघवी पाहतात. पोटावर हात ठेवून बाळ कसं बसलंय आणि डोकं किती खाली आलंय ते चाचपतात, ठोके ऐकतात. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० हे ठीक. कानाला ते धावत्या घोड्यासारखे वाटतात, घाबरू नका. मग आतली तपासणी. ती साधारण चार तासांनी एकदा पुरते. दुखते, त्यामुळे 'कळ जाईपर्यंत थांबा' असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. सरसकट केस काढणं आणि एनिमा देणं यांची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

कळ कशी काढायची, तर मिनिटभराची कळ म्हणजे संथ आठ-नऊ श्वास. चौथ्या-पाचव्याला ती माथ्यावर असते, तिथून उतार. मी श्वास मोजत होते आणि पाचवा झाला की मनात म्हणायचे, 'आता घाट उतरतोय.' श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, लांब आणि सावकाश. जबडा आणि खांदे सैल. आवाज काढावासा वाटला तर खर्जातला, पोटातून येणारा हुंकार काढा. किंचाळल्याने अंग आवळतं. पाठीवर सपाट पडून राहू नका. उभं राहून कॉटवर किंवा सोबत्याच्या गळ्यात भार टाका, ओणव्या व्हा, कुशीवर पडा. कळा नुसत्या कंबरेत येत असतील, तर बाळाची पाठ बहुधा तुमच्या पाठीकडे असते. अशा वेळी ओणवं होणं आणि कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताने जोरात दाबून धरणं, याच्याइतका आराम दुसरा नाही.

ते दाबणं हे सोबत्याचं मुख्य काम. शिवाय प्रत्येक कळेनंतर घोटभर पाणी, लघवीची आठवण, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं कान देऊन ऐकणं. सतत सोबत असलेल्या बायकांना सीझर कमी लागतं, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलंय. पण 'अजून किती वेळ लागेल हो?' असं दर पंधरा मिनिटांनी विचारणाऱ्या सोबत्याला चहा प्यायला पाठवून द्यावं.

वेदनाशमनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बाळंतपणात सोसण्याचं पदक मिळत नाही. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं, तेव्हापासून हा वाद चालू आहे आणि तो बहुतेक वेळा कळा न सोसणारेच घालतात. काही ठिकाणी ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडचा निम्मानिम्मा वायू नळीतून ओढायला देतात. त्याने धार बोथट होते, इतकंच. काही ठिकाणी इंजेक्शन देतात, त्याने गुंगी येते. एपिड्यूरल सगळ्यात प्रभावी. पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घालून औषध देतात, पंधरा-वीस मिनिटांत कळा विरतात. त्याची किंमतही आहे. रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, लघवीसाठी नळी लागू शकते, जोर द्यायचा टप्पा लांबतो, आणि साधारण शंभरात एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते. सीझरची शक्यता मात्र त्याने वाढत नाही. मी सहा सेंटिमीटरला घेतलं आणि तीन तास गाढ झोपले. माझ्या ताईने घेतलं नाही, ती घरूनच ताजीतवानी गेली होती. दोघींचंही बरोबरच होतं.

आठ ते दहा

तोंड आठ सेंटिमीटरपासून पूर्ण दहा उघडेपर्यंतचा हा टप्पा छोटा आणि सगळ्यात कडक. एपिड्यूरल नसेल तर कळा एकीवर एक येतात, पाय थरथरतात, उलटी होते, अंगाला कधी घाम तर कधी हुडहुडी. ताई ठामपणे म्हणाली होती, 'बास, मी घरी चालले.' उठून चप्पलही शोधायला लागली. 'मला जमणार नाही' हे वाक्य आलं की अनुभवी सिस्टर मनातल्या मनात खूश होतात, कारण ते बहुधा शेवट जवळ आल्याचं लक्षण असतं. सोबत्याने इथे समजावत बसू नये. डोळ्यांत डोळे घालून फक्त 'ही एक कळ' एवढंच म्हणावं.

जोर

तोंड पूर्ण उघडलं म्हणजे लगेच जोर लावायचा, असं नाही. शौचाला लागल्यासारखा, न आवरणारा दट्टा येईपर्यंत थांबा. एपिड्यूरलमुळे तो जाणवत नसेल, तर तास-दोन तास थांबून बाळाला आपोआप खाली उतरू देतात. पहिल्या बाळंतपणात पूर्ण उघडल्यापासून बाळ बाहेर यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात.

दट्टा आला की हनुवटी छातीकडे, जोर चेहऱ्यात नाही तर खाली. माझ्या तोंडावर दुसऱ्या दिवशी लाल टिपके उठले होते, कारण पहिला अर्धा तास मी सगळी ताकद गालांत लावली. शौचाला होते तसंच आणि तिथेच लावायचं. हो, थोडी शी होईल, जवळजवळ प्रत्येकीला होते. सिस्टर ती न बोलता पुसून टाकतात. ती लाज धरून जोर रोखणं, हीच या टप्प्यातली सगळ्यात महाग चूक. बाळाचं डोकं कळेबरोबर दोन पावलं पुढे येतं आणि कळ सरली की एक मागे जातं. त्याने हताश होऊ नका, त्या ये-जाण्यातच कातडी हळूहळू ताणली जाते.

मग डोकं दारात येऊन थांबतं. तिथे आग-आग होते, कडेकडेने जाळ लावल्यासारखी. नेमक्या याच क्षणी जोर थांबवायचा. तोंड उघडं ठेवून कुत्र्यासारखी धाप टाकायची आणि डोकं सावकाश निसटू द्यायचं. खालच्या कातडीवर गरम पाण्यात पिळलेलं कापड धरल्याने मोठ्या चिरा कमी पडतात. आधीच सांगून ठेवा. बाळाची वाट रुंद करायला डॉक्टरांनी कात्रीने चीर देणं सरसकट करायचं नसतं. बाळाचे ठोके घसरले किंवा बाळाला ओढून काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावायची वेळ आली तर ती लागू शकते, आणि देण्याआधी तुम्हाला सांगायला हवं. किरकोळ फाटणं पहिल्या खेपेला नेहमीचंच. टाके विरघळणारे असतात.

नाळ, वार आणि छातीवरचा ऐवज

बाळ ओलंच, उघडंच तुमच्या छातीवर द्यायचं आणि वरून पांघरूण. सगळं ठीक असेल तर नाळ मिनिटाच्या आत कापायची घाई नसते. एक ते तीन मिनिटांत वारेतलं (प्लासेंटातलं) आणखी रक्त बाळाला मिळतं, त्याचा लोहाचा साठा वाढतो. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, ठोके, श्वास वगैरे पाहून गुण देतात. ही पद्धत व्हर्जिनिया अपगार या डॉक्टर बाईंनी १९५३ मध्ये मांडली. पूर्ण दहा गुण फार थोड्यांना मिळतात, हातपाय निळसर असतातच. त्यामुळे आठ-नऊ ऐकून हिरमुसू नका.

इकडे तुम्हाला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. त्याने पिशवी आवळते, वार सुटते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. वार साधारण अर्ध्या तासात पडते. मग सिस्टर पोट रगडतात ते चांगलंच दुखतं, पण पिशवी घट्ट झाली आहे ना ते पाहायलाच हवं.

पहिल्या तासात बाळ टक्क जागं असतं, त्याच तासात छातीला लावा. पहिलं पिवळसर, घट्ट दूध चमचाभरच येतं आणि तेवढंच पुरतं. वजन आणि इंजेक्शन तासभर थांबू शकतात, आंघोळ तर चोवीस तास.

मला त्या क्षणी प्रेमाचं भरतं वगैरे आलं नाही. 'झालं एकदाचं' आणि 'ही कोण?' एवढंच वाटलं. प्रेम चौथ्या दिवशी आलं, पहाटे तिला शिंक आली तेव्हा.

बेत फिरला तर

औषधाने कळा आणायच्या झाल्या तर आधी गोळीने, जेलने किंवा फुग्याच्या नळीने तोंड मऊ करतात, मग ऑक्सिटोसिनची सलाइन. पहिलटकरणीत याला एक-दोन दिवस लागू शकतात, म्हणून झोपेचा नियम इथे दुप्पट लागू. सीझरमध्ये बहुतेकदा कमरेखालचा भाग बधिर करतात, तुम्ही जाग्या असता. दुखत नाही, पण आत कुणीतरी ओढाताण करतंय हे जाणवतं. बाळ पहिल्या काही मिनिटांतच बाहेर येतं, उरलेला पाऊणएक तास शिवणकामाचा. जगात पाचातलं एक बाळ असंच येतं. तिथेही बाळ छातीवर घेता येतं, मागा.

पहिली रात्र

पहिल्यांदा उठताना एकटीने उठू नका, चक्कर येते. सहा तासांच्या आत लघवी व्हायला हवी. टाक्यांवर कोमट पाणी ओतत केली तर झोंबत नाही. पाजताना पोटात पुन्हा कळा येतील, पिशवी आकसत असते. अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं, रंग फिका होत जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू कोसळेल. ते दोन आठवड्यांत ओसरलं नाही, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करावी असे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

तासाभरात मोठं पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी पडणं, ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, दुर्गंधी, असह्य डोकेदुखी किंवा अंधुक दिसणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं, एकाच पोटरीत दुखून सूज येणं: यांतलं एकही दिसलं तर सहा आठवड्यांच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका, लगेच निघा.